कार्बन रिम : टिकाऊपणा आणि ब्रेकची झीज

कार्बन रिम : कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी रेझिन यांचे थर साच्यात दाबून व भाजून तयार केलेली सायकलच्या चाकाची धाव. टायर धरून ठेवणे हे कोणत्याही रिमचे मूळ काम. रिम-ब्रेकच्या सायकलवर मात्र तिला आणखी एक काम लागते. ब्रेकचे पॅड तिच्याच दोन्ही गालांना आवळतात, आणि कार्बन रिमच्या आयुष्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

ही रिम घासून लवकर पातळ होईल, अशी भीती नव्या ग्राहकाला वाटते. पण योग्य पॅड वापरले तर झीज संथ असते. खरा घात करते ती उष्णता.

एक साधा हिशेब करून पाहावा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन १० टक्के उतारावर ताशी २० किलोमीटरच्या वेगाने रोखून धरायचे, तर वारा आणि टायर यांचा विरोध वजा जाता ब्रेकला सुमारे साडेतीनशे ते चारशे वॅट शक्ती सतत पचवावी लागते. घाट उतरताना ट्रकचालक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनावर रोखतो. सायकलस्वाराला ती सोय नाही. ॲल्युमिनियमची रिम ही उष्णता झटकन अंगभर पसरवते आणि वाऱ्याला देऊन टाकते. थरांच्या आरपार उष्णता वाहून नेण्यात कार्बन-इपॉक्सी तिच्या शंभर पटींहून अधिक मागे आहे. त्यामुळे ताप ब्रेकच्या पट्टीवरच, म्हणजे पॅड घासतात त्या भागावरच, साचतो.

प्रत्येक रेझिनला एक काचसंक्रमण तापमान असते. ते ओलांडले की काचेसारखे कडक रेझिन नरम पडू लागते. जुन्या, स्वस्त रेझिनांत हा उंबरठा बराच खाली होता; पुढे उत्पादकांची चढाओढ २०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेली. टायरच्या कडा रिमच्या भिंतींत अडकवण्याच्या क्लिंचर प्रकारात टायरमधली हवा रिमच्या भिंतींना सतत बाहेर रेटत असते. नरम पडलेली भिंत मग फुगते, थर सुटतात, कधी ट्यूबच फुटते. टायर चिकटवून बसवण्याच्या ट्यूब्युलर रिमवर असा रेटा नसतो, पण तिथे तो डिंक तापून सैल होण्याचा धोका राहतो. माव्हिकसारख्या जुन्या कंपनीने कार्बनच्या चाकांतही ॲल्युमिनियमची ब्रेकपट्टी दीर्घकाळ सोडली नाही, ती उगाच नव्हे.

झिजेचा गुन्हेगार बहुधा पॅड असतो, किंवा पॅडमध्ये रुतलेला कचरा. ॲल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले पॅड तसेच कार्बनवर लावले, की त्यांतले धातूचे कण पट्टीवर चर पाडतात. पावसातली वाळू आणि चिखल हेच काम अधिक उत्साहाने करतात. म्हणून कार्बनसाठी वेगळे पॅड निघाले: आधी कॉर्कचे, नंतर स्विसस्टॉप कंपनीच्या पिवळ्या आणि काळ्या मिश्रणांचे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, ही तक्रार मात्र त्यांनी पुरती मिटवली नाही. त्यासाठी चाके बनवणाऱ्या कंपन्यांपैकी झिपने पट्टीत सिलिकॉन कार्बाइडचे कण घातले, एन्व्हीने साच्यातच खरबरीत पोत उमटवला, माव्हिकने लेझरने वरचे रेझिन उडवले.

आघाताच्या बाबतीत कार्बनची बदनामी काहीशी अन्यायाची आहे. २०१० मध्ये सायकलपटू फाबियान कान्सेलाराने दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस-रुबे शर्यत झिपच्या कार्बन चाकांवर जिंकली. फरक मोडण्याच्या तऱ्हेत आहे. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, ते वाकते, आधी सूचना देते. कार्बन शेवटपर्यंत आकार धरून ठेवते आणि मग तडकते.

झिजेचा वाद अखेर ब्रेकची जागा बदलल्याने मागे पडला. १ जुलै २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला रीतसर मान्यता दिली. त्यानंतरच्या वर्षी एगान बेर्नालने तूर द फ्रान्स रिम-ब्रेकवरच जिंकली, तरी वारे फिरले होते. डिस्क ब्रेकच्या चाकात घर्षण हबपाशी होते. रिमला ना ताप, ना झीज.

वापरलेले रिम-ब्रेकचे कार्बन चाक घेणाऱ्याने पट्टीवरून बोट फिरवून फुगवटा आहे का ते पाहावे, नाण्याने सर्वत्र हलके ठोकून आवाज कुठे बोदा येतो का ते ऐकावे, आणि टायर काढून आतल्या कडा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.