भाड्याची घरे, मुंबईतील

मुंबई शहरात श्रमिक व मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडेल अशा भाड्याने मिळणाऱ्या निवासांचा विकास आणि त्यांवरील कायदेशीर नियंत्रण यांचा इतिहास. या घरांचा सर्वपरिचित प्रकार म्हणजे चाळ होय. लांब सज्जा, त्यालगत ओळीने एक वा दोन खोल्यांची बिऱ्हाडे, प्रत्येक खोलीत मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामाईक शौचकूप, अशी तिची सर्वसाधारण रचना असते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कापड गिरणीपासून मुंबईच्या औद्योगिकीकरणास चालना मिळाली. कोकण व देश या भागांतून आलेल्या कामगारांना गिरणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर निवारा हवा होता. त्यामुळे परळ, लालबाग, भायखळा इ. भागांत खाजगी मालकांनी चाळी उभारल्या. एकट्या माणसाच्या वेतनात स्वतंत्र खोली परवडणे कठीण असे. म्हणून एकाच गावचे अनेक जण मिळून खोली घेत; दिवसपाळी व रातपाळीचे कामगार त्याच जागेत आळीपाळीने झोपत व खानावळीत जेवत. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती खलाशांसाठी गावोगावच्या मंडळींनी चालविलेले ‘कूड’ हाही याच गरजेतून निर्माण झालेला प्रकार होय. गावकी, नाते किंवा जात यांच्या ओळखीवाचून खोली मिळणे दुरापास्त असे. परिणामी वस्त्यांचे स्वरूपही त्यानुसारच ठरत गेले.

१८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवल्यावर दाट वस्तीचा प्रश्न शासनाच्या लक्षात आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) रस्ते रुंद केले व चाळीही बांधल्या. तथापि आरंभीच्या काळात पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली आणि विस्थापितांची गर्दी शेजारच्या वस्त्यांत वाढली. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० मध्ये विकास विभाग स्थापन झाला. कामगारांसाठी ५०,००० गाळे बांधण्याची त्याची योजना होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळींत सु. १६,००० गाळे झाले. ‘बी. डी. डी. चाळी’ या नावाने त्या ओळखल्या जातात. प्रत्येक खोली सु. १५ चौ. मी. (१६० चौ. फुट) होती. भाडे कामगारांना जड वाटे व वरळीसारखी ठिकाणे गिरण्यांपासून गैरसोयीची होती. त्यामुळे शहरात घरटंचाई असतानाही यांतील अनेक खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकल्याने १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धकाळातील तरतुदींनंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम संमत झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः प्रमाणभूत ठरविले व भाडेकरूस मनमानी निष्कासनापासून संरक्षण दिले. या संरक्षणामुळे असंख्य कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहिली. परंतु गोठलेल्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना. मालकांनी इमारतींकडे दुर्लक्ष केले आणि भाड्यासाठी नवी घरे बांधण्याचा उत्साह ओसरला. रिकामी होणारी खोली ‘पागडी’ घेऊन दिली जाऊ लागली. कायद्याने ती निषिद्ध असूनही प्रथा रूढ झाली. अशा रीतीने जुन्या भाडेकरूस मिळालेले संरक्षण नव्याने येणाऱ्या निर्धनास मात्र अडसर ठरले.

जीर्ण इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये अधिनियम करून उपकर लावण्यात आला. तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या सु. १९,६०० होती. १९७७ मध्ये हे काम म्हाडाकडे आले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीस परवान्याने (लीव्ह अँड लायसन्स) राहणाऱ्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. त्यानंतर मालक अधिक सावध झाले व अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा बळावली.

प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्यानंतर झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने वार्षिक ४ टक्के भाडेवाढीस अनुमती दिली व पागडीस कायदेशीर मान्यता दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमशः बंद पडल्या व त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे काम २०२१ मध्ये वरळी येथे सुरू झाले. त्यात पात्र रहिवाशांना ५०० चौ. फुटांची मालकीची सदनिका देण्याची तरतूद आहे. अशा योजनांत जुना भाडेकरू घरमालक होतो. तथापि अल्प भाड्याच्या खोल्यांचा साठा त्याच प्रमाणात घटतो. त्यामुळे शहरात नव्याने येणाऱ्या श्रमिकाला परवडणाऱ्या भाड्याच्या घराचा प्रश्न शिल्लकच राहतो.