बो जॅक्सनचा खुबा: एका धावेने क्रीडावैद्यकाला दिलेला धडा

१/ १३ जानेवारी १९९१. लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर रेडर्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा बाद फेरीचा सामना सुरू होता. चेंडू बो जॅक्सनच्या हाती होता. ३४ यार्डांची धाव, मागून पायाला पडलेली मिठी आणि तो कोसळला. पाहणाऱ्यांना ती नेहमीचीच पकड वाटली. जॅक्सन मात्र हा खेळ पुन्हा कधीही खेळला नाही.

२/ जॅक्सन हा सामान्य खेळाडू नव्हता. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च असा हाइझमन करंडक त्याने १९८५ मध्ये मिळवला होता. पुढे तो एकाच काळात कॅन्सस सिटी रॉयल्सकडून बेसबॉल आणि रेडर्सकडून फुटबॉल खेळला. दोन्ही खेळांच्या तारांकित सामन्यांसाठी निवड झालेला तो पहिला खेळाडू.

३/ त्या क्षणी नेमके काय घडले, हे समजण्यासाठी खुब्याची रचना पाहावी लागते. हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. वाटीच्या काठाला कूर्चेची कडा असते आणि भोवती बळकट अस्थिबंधांचे वेष्टन. खांद्याचा सांधा सहज निखळतो. खुबा निखळण्यासाठी प्रचंड जोर लागतो.

४/ या भक्कम सांध्याचे मर्मस्थान म्हणजे त्याचा रक्तपुरवठा. माथ्याला रक्त पोहोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला बिलगून वर चढतात. माथा वाटीबाहेर सरकला, की त्या ताणल्या, पिळल्या वा फाटल्या जातात. रक्त थांबले, की हाडाच्या पेशी मरू लागतात आणि माथा कालांतराने ढासळतो. यालाच अॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात.

५/ जॅक्सनच्या बाबतीत हेच घडले. पाय मागे अडकला, देह वेगाने पुढे गेला आणि सांधा जागेवरून सरकला. मार्च १९९१ मध्ये रॉयल्सने त्याला करारमुक्त केले. शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला संघात घेतले, पण झिजलेला सांधा साथ देईना. १९९२ मध्ये कृत्रिम खुबा बसवावा लागला.

६/ आधुनिक कृत्रिम खुब्याचा पाया इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला: धातूचा लहान गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी. संधिवाताने जखडलेल्या वृद्धांना वेदनेविना चालता यावे, हा त्यामागील हेतू. व्यावसायिक खेळाडूने त्यावर धावावे, हे त्या कल्पनेत बसणारे नव्हते.

७/ तरीही ९ एप्रिल १९९३ रोजी जॅक्सन न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध फलंदाजीस उतरला आणि पहिल्याच फटक्यावर त्याने होमरन मारला. त्या हंगामात त्याने १६ होमरन ठोकले. १९९४ नंतर मात्र तो निवृत्त झाला. पूर्वीचा तो विलक्षण वेग परतला नाही.

८/ २००३ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधील अशा अर्धवट निखळण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ खेळाडूंपैकी दोघांच्या हाडाचा माथा मृत झाला होता. निष्कर्ष स्पष्ट होता: ही दुखापत साध्या लचकीसारखी भासते, म्हणून एमआरआय करावा, सहा आठवडे कुबड्या द्याव्यात आणि पुन्हा एमआरआय करूनच मैदानाचा निर्णय घ्यावा.

९/ १६ नोव्हेंबर २०१९. अलाबामा विद्यापीठाच्या टुआ टॅगोव्हायलोआचा उजवा खुबा सामन्यात निखळला आणि वाटीची मागची भिंत मोडली. या वेळी सांधा मैदानाच्या आवारातच तातडीने बसवण्यात आला. दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली, पुढे रक्तपुरवठ्यावर एमआरआयची नजर राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये तो मायामी डॉल्फिन्सकडून मैदानात उतरला.

१०/ दोन्ही दुखापती एकसारख्या नव्हत्या, त्यामुळे तुलनेला मर्यादा आहेत. तरी मधल्या २८ वर्षांत वैद्यकाची नजर बदलली, हे खरे. निखळलेला खुबा सहा तासांच्या आत बसवावा, हा आज सर्वमान्य दंडक आहे. जांघेत खोलवर दुखणे, पाय आत वळवताना वेदना होणे, पायावर भार न पेलणे, ही लक्षणे आता ‘स्नायू दुखावला असेल’ म्हणून सोडून दिली जात नाहीत. खुब्याची खरी हानी पडल्यावर लगेच दिसत नाही. ती पुढच्या आठवड्यांत, आतल्या आत, निःशब्द घडत असते.