खेळाडूची धडधड: एका अभ्यासाची प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यात खेळाची गोडी नव्याने लावावी लागत नाही. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत कबड्डीचे सामने रंगतात. पोलीस भरतीसाठी मुले १६०० मीटरच्या आणि मुली ८०० मीटरच्या तयारीला पहाटेच रस्त्यावर उतरतात. सराव चोख असूनही ऐन वेळी एखाद्याचे पाय जड होतात आणि ‘घाबरला’ एवढे म्हणून लोक निकाल लावून मोकळे होतात. क्रीडा मानसशास्त्राचे काम इथूनच सुरू होते.

वाचकांनी आधी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. उत्तेजना म्हणजे शरीर-मन जागे होणे: नाडी वाढते, श्वास जलद होतो, स्नायू ताणले जातात. ती आनंदातही येते. चिंता म्हणजे तिच्यासोबत आलेली धास्ती. तिची एक बाजू मनात असते, ‘हरलो तर?’ अशी, दुसरी अंगात, घामेजलेल्या तळहातांत आणि पोटातल्या गोळ्यात. कबड्डीतली ‘करो या मरो’ची चढाई पाहा. हातात ३० सेकंद असतात. वाढलेली नाडी पायांना वेग देते. पण बाद होण्याच्या विचाराने नजर आकसते आणि कोपऱ्यातून घोट्याकडे झेपावणारा गडी दिसतच नाही.

१९०८मध्ये मानसशास्त्रज्ञ येर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांच्या आधारे पुढे खेळातही उलट्या ‘यू’चा आलेख रूढ झाला: उत्तेजनेबरोबर कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते, मग घसरते. ही मर्यादा ज्याची त्याची वेगळी असते, हे युरी हानिन यांनी मांडले. हार्डी आणि फेझी यांनी १९८७मध्ये आणखी एक मुद्दा जोडला: मनात चिंता दाटली असताना उत्तेजना फार वाढली, तर कामगिरी एकदम कोसळते आणि सावरायला वेळ लागतो.

खेळागणिकही उत्तेजनेचे हे माप बदलते. कबड्डीतल्या पकडीला जोर हवा, तिरंदाजीला स्थिर हात. शेजारच्या नागपूरच्या ओजस देवतळे याने २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. प्रतिस्पर्ध्याचे १४९ होते. इतक्या ताणात हात स्थिर ठेवणारा विश्वविजेता आपल्या विदर्भाने दिला, याचा अभिमान वाटायलाच हवा.

या विषयाकडे येताना आलेख पाठ करण्याची घाई करू नका. काही सामन्यांआधीची झोप, श्वास आणि मनातले विचार वहीत टिपा, शेजारी त्या दिवशीची कामगिरी लिहा. आपले माप हळूहळू लक्षात येईल. मग सिद्धान्त वाचलात तर ते आपलेच वाटतील, आणि दीर्घ श्वास किंवा सामन्याआधीचा ठरलेला क्रम का उपयोगी पडतो हेही उमगेल. प्रशिक्षक आणि पालकांना एवढीच विनंती: छाती धडधडणाऱ्या मुलाला घाबरट म्हणू नका, त्याचे माप शोधायला त्याला मदत करा.