सनांचे संक्षेप (वसमत परिसर)

ऐतिहासिक तारखेत कालगणना दाखवणारी अक्षरे. मराठीत ती आकड्याआधी येतात: इ.स. १६७४, इ.स.पू. ३००. इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १, शून्य वर्ष नाही. शकात ७८, जानेवारी ते चैत्रारंभापर्यंत ७९, मिळवल्यास इसवी सन निघतो. वसमत (पूर्वी परभणी, १९९९ पासून हिंगोली जिल्हा) १९४८ पर्यंत निजामी अमलात होते. त्यामुळे जुन्या महसुली कागदांत फसली सन भेटतो. त्यात सुमारे ५९० मिळवावे. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इ.स. १९०७-०८ चा. नुसते ‘सन १३१७’ लिहिले की तो थेट खिलजींच्या काळात जाऊन बसतो! म्हणून मूळ सन आधी, इसवी कंसात. हिजरीला ठरावीक बेरीज चालत नाही. ते वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान.