दहा फुटांवरचा अंतरपाट

खिसे चाचपू नका, मोबाइल तिकडेच राहिला. इथे मे १९७४ चालू आहे आणि तुम्ही अहमदनगरला माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर उभे आहात. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर व्हायला अजून पन्नास वर्षं आहेत. ८ तारखेपासून रेल्वेचा संप सुरू आहे, त्यामुळे सगळा मुलूख एसटीवर लोटलाय. तुमच्या गळ्यात चामड्याच्या केसातला यशिका मॅट आहे, खांद्यावर फ्लॅशची बॅटरी आणि शेजारी स्टुडिओवाले काका. तुम्ही त्यांचे नवे मदतनीस. सुप्याच्या पुढे एका गावात गोरज मुहूर्तावर लग्न आहे आणि पिशवीत रोल आहेत दोनच, पूर्व जर्मनीचे ओर्वो. मुंबईचा माल अडकलाय. एका रोलवर बारा फोटो, म्हणजे अख्ख्या लग्नाला चोवीस.

तुमच्या काळात तेवढे फोटो नवरी गाडीतून उतरेपर्यंत निघतात.

बस घाट चढेपर्यंत कॅमेरा नीट पाहून घ्या. पुढे दोन भिंगं आहेत, एकाखाली एक. वरचं तुमच्या बघण्यासाठी, खालचं फिल्मसाठी. दोन्ही ८० मिलिमीटरची. ती निघत नाहीत, बदलत नाहीत, लांबचं जवळ आणत नाहीत. नवरीचा चेहरा मोठा हवा असेल तर नवरीकडे चालत जायचं, वऱ्हाड जास्त दिसायला हवं असेल तर मागे सरकायचं. डाव्या बाजूला एक गोल मूठ आहे, तिच्यावर फुटांचे आकडे. ती फिरवली की दोन्ही भिंगं बरोबरीने पुढे-मागे होतात. फोकस करायचं साधन एवढंच. स्वतःहून फोकस करणारा आणि दुकानांत सर्रास मिळणारा पहिला कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, जपानात यायला अजून तीन वर्षं आहेत. हा यशिका तरी नगरात कुठून आला, हे काकांना विचारू नका. मुंबईहून आला, एवढंच ते सांगतील.

वरचं झाकण उघडून खाली पाहा. दुधी काचेवर खिडकीतलं जग पडलंय, पण डावं-उजवं उलटं. मूठ हळू फिरवा. समोरच्या बाकावरच्या आजोबांचा फेटा आधी नुसता पांढरा डाग असतो, मग त्याला कड येते, मग पीळ दिसतात, आणि अजून थोडं फिरवलं की पुन्हा डाग. त्या पिळांपाशी थांबायचं. पुढे गेलात, परत आलात, पुन्हा पुढे गेलात. काका खिडकीबाहेर बघत हसतायत. या चाळ्यातच माणूस अडकतो. जुन्या भिंगाला आत्मा असतो वगैरे तुमच्या काळातले हौशी लोक म्हणतात, ते सोडून द्या. काच ती काच. गंमत आहे ती ‘इथे’ म्हणून थांबण्यात, आणि ते तुमच्याऐवजी दुसरं कुणी ठरवत नाही यात.

काकांना सिनेमाचं वेड आहे. कामरगाव मागे पडता पडता ते योझेफ विर्शिंगची गोष्ट काढतात. बॉम्बे टॉकीजचा हा जर्मन कॅमेरामन, १९३६ चा ‘अछूत कन्या’ त्याने टिपला. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांनी इथल्या जर्मनांना धरून छावण्यांत टाकलं, त्यात तोही होता. त्यातली एक छावणी आपल्या नगरची. सुटल्यावर त्याने ‘महल’ केला, ‘पाकीझा’ करता करता १९६७ मध्ये गेला. काकांना त्याच्या कैदेपेक्षा त्याच्या सेटचं कौतुक जास्त. सिनेमात म्हणे भिंगापासून नटापर्यंत टेप लावून अंतर मोजतात, जमिनीवर खडूची खूण करतात, आणि नटाने येऊन त्या खुणेवरच उभं राहायचं. फोकस आधी लागलेला असतो, माणूस नंतर येतो.

“आपल्याकडे खडू लागत नाही,” काका म्हणतात. “पाट असतो.”

मांडवात पोचताच तुम्हाला पाट दिसतात. समोरासमोर दोन, मध्ये अंतरपाटाची जागा. उजेड उतरतोय, पेट्रोमॅक्स अजून पेटवायच्या आहेत आणि काचेवरचं चित्र कडांना काळं पडलंय. फेट्याचे पीळ सोडाच, फेटासुद्धा धड दिसत नाही.

“काचेत बघत बसू नको. पावलं मोज.”

तुम्ही दोन पाटांच्या मधल्या रेषेवरून बाजूला चालत येता. काकांनी सकाळीच स्टुडिओच्या फरशीवर तुमचं पाऊल अडीच फुटांचं बसवून घेतलंय. चार पावलं, दहा फूट. मूठ दहावर. आता भागाकार. फ्लॅशचा नंबर या फिल्मला ११०, भागिले अंतर १०, आलं ११. छिद्र ११ वर ठेवा. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो आणि छिद्राचं क्षेत्रफळही व्यासाच्या वर्गानेच बदलतं, म्हणून तर हिशेब एवढ्या साध्या भागाकारावर येतो. ११ वर साधारण आठ फुटांपासून तेरा फुटांपर्यंत सगळं स्वच्छ येईल, तेव्हा नवरदेव अर्धं पाऊल हलला तरी चालेल. फ्लॅश नसता तर या उजेडात छिद्र ४ पर्यंत उघडावं लागलं असतं, आणि मग हातात उरले असते जेमतेम दोन फूट.

आता तुम्हाला काही करायचं नाही. ही गोष्ट तुमच्या काळातल्या बोटांना पटत नाही, ती उगाच मुठीकडे जातात. काका चापट मारतात. फोकस लागलाय, छिद्र लागलंय, क्रँक पुढे फिरवून मागे घेतलाय, शटर ताणलेलं आहे. डोळे कॅमेऱ्यातून काढा आणि मांडवात बघा. भोंग्यातून मंगलाष्टकं चालू आहेत, प्रत्येक कडव्याला ज्वारीच्या अक्षता उडतायत, त्यातल्या दोन-चार तुमच्याही कॉलरमध्ये. नवरीच्या पाठीशी उभा असलेला मामा घामाघूम झालाय. नवरदेवाची नजर खाली आहे. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाचा हात दमून खाली येतोय. हे सगळं दिसतं, कारण फोकस धरण्याचं काम तुमच्या डोळ्यांकडून काढून घेतलंय.

शेवटचं मंगलाष्टक. वाजंत्रीवाल्याने सनई ओठांना लावली, म्हणजे आता. अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो आणि माळा घालायच्या आधी, डोक्यावर अक्षतांचा मारा चुकवत, नवरी मान वर करते. बटण दाबा.

फ्लॅश उडाला. पुन्हा भरायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तोवर माळा पडलेल्या असतात. एकच होता, तो गेला. कसा आला ते रोल धुतल्यावर कळेल. तुम्ही सवयीने कॅमेऱ्याची पाठ पाहता आणि तिथे काळं चामडं असतं.

खोटं कशाला सांगा, या कॅमेऱ्याचे घोटाळेही आहेत. करवलीमागे पळणारी पोरं टिपायची म्हटलं तर तीन फोटो वाया घालवाल, आणि आज तीन म्हणजे फार झाले. उलट्या काचेमुळे नवरदेव उजवीकडे निघाला की तुम्ही भलतीकडे वळता. असल्या वेळी तुमचा तो डोळा शोधून फोकस करणारा कॅमेरा शंभर पटींनी बरा. पण पाट मांडलेले आहेत, माणसं कुठे येणार ते ठाऊक आहे, तिथे त्याला जास्तीचं असं करण्यासारखं काही नाही.

“ओ फोटोवाले, समद्यांचा एक घ्या!” वरमाय हाक मारते. पाहुणे आधीच तीन रांगांत उभे, पुढची रांग सतरंजीवर, मागची बैलगाडीवर चढलेली. तुम्ही पावलं टाकत मागे जाता. आठ. वीस फूट. काका काही बोलायच्या आत तुमच्या तोंडून आकडा जातो, “साडेपाच, म्हणजे पाच पूर्णांक सहावर.”

“आणि गाडीवरचे?”

तुम्ही मुठीभोवतीची पट्टी पाहता. सोळा ते सत्तावीस. गाडीवरचे बसतात. सतरंजीवरचं एक पोरगं मात्र रांगत तुमच्याकडे निघालंय, आणि रोलवर आता चार उरलेत.