मुष्टिफंडातले धान्य

रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले गावी झालेली स्थापना, साताऱ्याचे वसतिगृह आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची गावोगावची पायपीट यांचा उल्लेख हमखास होतो. तो व्हायलाच हवा. पण संस्थेच्या मुष्टिफंडाकडे मात्र आपण हृद्य आठवण म्हणूनच पाहतो. दळणाला बसताना घरची बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी आणि ते गोळा होऊन वसतिगृहातल्या मुलांच्या पोटी जाई. या मुठीला दान म्हणणे मला अपुरे वाटते. शेतकरी आईबाप शिक्षणाचे मोल दुसऱ्यांदा मोजत होते. पहिल्यांदा ते त्यांनी शेतसाऱ्यातून भरलेच होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिकतात मात्र वरच्या वर्गांची मुले, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडले होते.

यावर आक्षेप असा, की खेड्यातल्या पालकांना शिक्षणाची ओढच नव्हती. असती, तर १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना शाहू महाराजांना मुले न धाडणाऱ्या पालकांवर दंड का बसवावा लागला असता? आक्षेप निराधार नाही, पण त्यात अनास्था आणि अडचण यांची गल्लत होते. आठ-नऊ वर्षांचे पोर गुरे राखी, पिकावरची पाखरे हाकली, धाकटे भावंड सांभाळी. ते शाळेत गेले की घरातला एक राबता हात कमी होई, आणि शाळेची फी त्यापुढे किरकोळ होती. हातावर पोट असलेल्या घरात हा तोटा रोजचा असे. भाऊरावांनी हे नेमके ओळखले होते. ‘कमवा आणि शिका’मध्ये मुलगा आपल्या शिक्षणाचा भार स्वतःच्या श्रमाने उचले, त्यामुळे बापाला पैसे पाठवावे लागत नसत, फक्त त्या हाताची आशा सोडावी लागे. शिवाय या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. गावातल्या भावकीचा रोष पत्करून मुलाला तिथे ठेवणे हेही त्या काळी लहान धाडस नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. आईबापांचा त्याग म्हणताना आपण तो सगळ्या घराने सारखा वाटून घेतला असे धरतो. तसे नव्हते. मुलगा शाळेत गेल्यावर त्याची कामे बहुधा बहिणीच्या अंगावर येत, आणि टंचाईच्या दिवसांत बाजूला काढलेली मूठ शेवटी जेवणारीच्या ताटातून कमी होत असणार, असे मानायला जागा आहे. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, दिले. त्यांचे नाव निदान इतिहासात राहिले. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. रयतेने दोनदा भरलेल्या रकमेतला थोडा भाग त्या निर्णयाने परत आला, पण घरी अडकून पडलेल्या मुलीच्या श्रमाची किंमत त्या सवलतीत कुठेच धरलेली नव्हती.