तुंबडी ते ट्यूब : रक्त काढणाऱ्या हाताची गोष्ट

सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलं की एक मुलगा किंवा मुलगी दंडाला पट्टा बांधते, शीर चाचपते आणि रक्त काढते. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. रक्त कोणी काढलं, हे आपण विचारतही नाही.

या कामाचं नाव फ्लेबोटॉमी. ग्रीक शब्द, अर्थ शीर कापणे. पण काम आपल्याकडेही जुनंच. सुश्रुतसंहितेत शिरावेधावर आणि जळवांवर स्वतंत्र अध्याय आहेत. आपल्या गावांतही जळवा लावायचे, फासण्या टाकून तुंबडी लावायचे. वाईट रक्त गेलं की दुखणं जातं, ही समजूत. युरोपात तर न्हावीच शीर कापायचे. १८३५ मध्ये पॅरिसच्या डॉ. पिएर लुई यांनी रुग्णांचे आकडे मांडून दाखवलं की यात फारसा फायदा नाही. मग हळूहळू ही पद्धत मागे पडली.

पुढे रक्त काढायचं कारणच बदललं. रोग घालवायला नाही, तर रोग ओळखायला. आणि इथेच हाताचं कसब आलं. पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त ठेवला तर काही आकडे बदलतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रसायन चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. मशीन कितीही महागडं असो, नमुना चुकला की रिपोर्ट चुकला!

आता आपल्या नाशिकचं बघा. १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ इथे आलं, नोकरी करणाऱ्यांना, शिक्षण मध्येच सुटलेल्यांना शिकता यावं म्हणून. १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथेच आलं. राज्यातली मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं त्याच्या छत्राखाली आली. देशात कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ ला पुदुच्चेरीत झाली. कल्पना अशी की स्थानिक गरजेचं कौशल्य कमी खर्चात शिकवायचं. रक्त काढण्याचं काम त्यात अगदी चपखल बसतं.

पण एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’ म्हणून ओळख हवी तर पदविका किंवा पदवी लागते, आणि ती किमान २००० तासांची, दोन ते चार वर्षांत केलेली. तीन-सहा महिन्यांचं सर्टिफिकेट हाताला काम देईल, पण ही ओळख देणार नाही. छोटा कोर्स वाईट नाही. तो पूर्ण शिक्षण म्हणून विकला जाणं वाईट.

म्हणून फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा : एकूण तास किती? हॉस्पिटलात प्रत्यक्ष सराव किती? प्रमाणपत्र कोण देणार आणि त्याला मान्यता कोणाची? उत्तर लेखी मागा.

दोन-दोन विद्यापीठांच्या या गावात कष्टकऱ्यांच्या पोरांना अर्धवट माहितीवर फी भरायला लागू नये, एवढंच.

तुमच्या ओळखीत कोणी हा कोर्स करायच्या विचारात असेल तर त्यांना हे नक्की वाचायला द्या.